न पाहिलेला सारस

चांगल्या कामासाठी का होईना, जो पक्षी तुम्ही स्वतः पाहिलेला नाही त्याच्या नावापुढे ‘दिसतो’ असं तुम्ही लिहाल का?

मी लिहिलं. त्याचं पुढे काय झालं ते सांगण्यासाठी हा मजकूर आहे.

माझे वडील इचलकरंजीत पत्रकं छापायचे. यंत्रमाग कामगारांची, वाढीव पाणीपट्टीविरुद्धची, दारूचं दुकान हटवा अशी. गोष्टीच्या पुस्तकांआधी मी पत्रकं वाचायला शिकले. पत्रकात ‘बहुधा’ हा शब्द नसतो. आणि मार्चअखेर मी चंद्रपूर जिल्ह्यात ज्या कामाला गेले ते सगळं ‘बहुधा’चंच होतं. हिवाळा काढून उत्तरेकडे परतणारे पाणपक्षी इथल्या तलावांवर कोणते, केव्हा आणि किती खात्रीने दिसतात ते पाहून लिहायचं होतं. जवळ एक छापील यादी होती. प्रत्येक पक्ष्यापुढे तीनपैकी एक खूण: नक्की, बहुधा, क्वचित.

ब्रह्मपुरीच्या पुढे

ब्रह्मपुरीहून काळीपिवळी जीपने तासाभरावर असलेल्या एका गावात उतरले. गावाचं नाव लिहीत नाही. तिथला निर्णय अजून अर्धाच झाला आहे, आणि मोठ्या भिंगांचे कॅमेरे घेऊन लोक तिथे उभे राहिले तर तो बिघडेल.

मोहफुलांचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला झाडाखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या आणि घराघरांपुढे ती वाळत पसरली होती. शेवंताबाईंच्या अंगणात शिरताना मी थेट त्या फुलांवर पाय दिला. चप्पल चिकटली, पाय पुढे गेला, चप्पल मागे राहिली.

“राहू दे वं पोरी, तिले बी दोन दिवस वाळू दे,” घरातून आवाज आला.

ही आमची ओळख. शेवंताबाई ढीवर समाजातल्या, म्हणजे पिढीजात मासेमारी करणाऱ्या. वय पन्नाशीच्या आसपास. गावच्या मच्छीमार संस्थेत बायकांचा जो गट आहे, त्याच्या त्या प्रमुख. मी त्यांच्याकडेच उतरणार होते. जेवायला भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि कडक तळलेल्या बोटाएवढ्या मासोळ्या. आमच्याकडे भात जेवणाच्या शेवटी येतो, दोन घास, पोट भरलं याची पावती म्हणून. इथे ताटभर भात असतो आणि बाकी सगळं त्याच्या कडेला. मी भाकरीबद्दल विचारलं.

“भाकर खाऊन झोप येते का तुमाले?” त्यांनी काळजीने विचारलं. मी हो म्हटलं. त्यांना ते पटलं नाही.

तलाव

तलाव मालगुजारांच्या काळातला. पूर्वेला मातीची उंच पार, म्हणजे बांध, आणि त्याला लागून खोल पाणी. पश्चिमेला पाणी पातळ होत होत शेतांपर्यंत पसरतं. त्या उथळ बाजूला देवधान उभं असतं, आपोआप उगवणारं रानटी भात. पाण्याखाली गाद नावाची वनस्पती असते. पक्षी बहुतेक तिकडेच होते.

सकाळी साडेसहाला मी दुर्बीण लावली आणि वारकरी पक्षी मोजायला घेतले. काळे, पांढऱ्या चोचीचे, पाण्यावर तरंगणारे. चौदा झाले. वहीत लिहिलं. शेवंताबाई शेजारी बसून दात घासत होत्या.

“किती झाले?”

“चौदा.”

“त्यातले सहा आमच्या जाळ्याचे डबे हायेत.”

मी पुन्हा पाहिलं. काळे प्लास्टिकचे डबे होते, जाळं वर धरून ठेवायला बांधलेले. एकावर पांढरं झाकण होतं. मी चौदा खोडून आठ केले. शेवंताबाईंनी चूळ भरली आणि हसू लपवायचा काही प्रयत्न केला नाही.

मग यादी घेऊन बसलो. पट्टकादंब, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला मोठा राखाडी हंस, माझ्या यादीत ‘नक्की’ होता. तो एकही नव्हता. “होळी जळाली का ते गेले समज,” शेवंताबाई म्हणाल्या. तलवार बदकं ‘नक्की’ होती. ती तीन दिसली, आणि त्यातलं एक उडता येत नसल्यासारखं कडेला बसलं होतं. उलट भुवई बदक यादीत ‘क्वचित’ होतं आणि त्याचा साठेकांचा थवा समोर होता. नराच्या डोळ्यावर पांढरी जाड रेघ, दुरूनही ओळखू येणारी. शेवंताबाईंच्या मते ही जातीवेळची, म्हणजे परतीच्या वाटेवरची बदकं. दक्षिणेकडून येतात, आठ-दहा दिवस गाद खातात आणि एका रात्रीत निघून जातात. यादी जानेवारीत कोणीतरी केली होती. मार्चअखेर ती जवळजवळ उलटी वाचावी लागत होती.

चिखलातल्या पक्ष्यांचं गणित आणखी वेगळं. पाणी चार बोटं उतरलं की काठाचा ओला पट्टा उघडा पडतो आणि त्यावर ठिपकेवाली तुतारी, कंठेरी चिलखे, लांब लाल पायांचे शेकाटे, पिवळे धोबी असे सगळे उतरतात. पाणी जागच्या जागी राहिलं तर त्यांची शक्यता कमी. एकदम हातभर उतरलं तर चिखल दोन दिवसांत तडकतो आणि शक्यता शून्य. पाणी सोडण्याच्या दाराला इथे तुडूम म्हणतात. तुतारी दिसणार की नाही हे सायबेरियावर जितकं अवलंबून आहे तितकंच तुडुमाजवळ कोण उभं आहे यावर. माझ्या यादीत तुडुमाचा रकाना नव्हता.

“तुमच्याकडे कसं मोजता?” मी विचारलं.

“आमच्यात तीनच. एक रोजचे. एक कधीमधी येते ते. अन् एक मायनं पाह्यलेले.”

“तिसरा प्रकार यादीत कसा घ्यायचा?”

“काऊन? माय खोटी होती का?”

त्यांची आई याच तलावावर जाळं ओढायची. सारसाची एक जोडी तिने पाहिली होती. माणसाच्या छातीएवढे उंच, लाल मानेचे, देवधानात घरटं केलेले. शेवंताबाईंनी स्वतः सारस कधीच पाहिला नव्हता.

मग त्यांनी मला खरं काय ते सांगितलं. येत्या उन्हाळ्यात तलावाचं खोलीकरण करायचं मंजूर झालं होतं. पश्चिमेची उथळ बाजू मशीन लावून उभी कापायची, म्हणजे पाणी जास्त साठेल. कामाच्या कागदात ‘पक्षी’ या शब्दापुढे ‘आढळले नाहीत’ असं लिहिलेलं होतं. पाहणीला आलेले साहेब मागच्या मे महिन्यात, भर दुपारी आले होते.

“सात वर्सं झाले,” त्या म्हणाल्या. “अख्खी बाजू बेशरमाच्या झुडपानं भरली होती. आमी बायांनी उपटली. चिखलात उभं राहून गाद लावली, देवधान पेरलं. मासोळी अंडे तिथीच देते. ते कापलं तर मासोळी बी गेली, बदक बी गेलं, अन् आमी बी.”

आठ दिवसांनी ग्रामसभा होती. तिच्यात त्यांना पक्ष्यांची यादी ठेवायची होती, लिहिलेली. बोललेलं कागदावर येत नाही हे त्यांना पुरतं माहीत होतं. माझ्यासारखी लिहिणारी आपणहून घरी आली, याला त्या योगायोग म्हणत नव्हत्या. काम म्हणत होत्या.

वैनगंगा ओलांडून

गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याकडे एका गोंड गावाने आपल्या तलावाचा ठराव स्वतः लिहिलाय असं शेवंताबाईंनी ऐकलं होतं. तो पाहायला आम्ही दोघी निघालो. वैनगंगेच्या पुलाआधी उतरून पात्रात गेलो. अर्ध्या पात्रात वाळू आणि वाळूत टरबुजांचे वेल. पलीकडच्या धारेजवळ चक्रवाकांची एकच जोडी होती, विटकरी रंगाची. यादीत या तारखेला ‘क्वचित’. शेवंताबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या टरबूजवाल्याशी त्याच्या जाळ्याच्या विणीवरून भांडत होत्या.

गडचिरोलीत बस बदलली आणि दुपारी त्या गावात पोचलो. सोमाभाऊ तिथल्या ग्रामसभेचं दप्तर सांभाळतात. साठीचे, सडसडीत, कमी बोलणारे. त्यांच्या अंगणातही मोहफुलं वाळत होती, पण मी सहज एक उचलून तोंडात टाकायला गेले तेव्हा त्यांच्या सुनेने हात धरला. गावाचा पंडुम, म्हणजे नव्या फुलांचा सण, अजून व्हायचा होता. त्याआधी नवीन मोह कोणी खात नाही. आमच्याकडे नवीन आंबा बाजारात पहिल्यांदा कोण आणतो याची चढाओढ असते. इथे पहिल्यांदा न खाण्याची होती. मी फूल परत ठेवलं.

सोमाभाऊंनी पत्र्याच्या पेटीतून ठराव आणि त्याला आधार म्हणून ठेवलेली एक वही काढली. तलावावर आलेल्या पिट्ट्यांची, म्हणजे पक्ष्यांची नोंद. तारीख, काय दिसलं, कुठे दिसलं. शेवटच्या रकान्यात एका माणसाचं नाव. काही पानांवर पक्ष्याच्या जागी फक्त एक आडवी रेघ होती.

“हे काय?” मी विचारलं.

“त्या दिवशी काईच नव्हतं.”

“मग लिहायचं कशाला?”

“गेल्तो ना मी. गेलो हे तं खरं हाये.”

“आणि हे नाव प्रत्येक ठिकाणी?”

“ज्यानं पाह्यलं त्याचं. नाव नाई टाकलं तं विचारन कोनाले? सायेब येते, म्हणते हे खोटं हाये. मी म्हणतो, बसा जी, त्याले बोलावतो.” ते पुढे म्हणाले, “दोन खेपा बोलावलं. तिसऱ्या खेपी सायेबानं विचारलंच नाई.”

शेवंताबाईंनी ती वही मांडीवर घेऊन बराच वेळ पानं उलटली. त्यांना अक्षरं लावून लावून वाचता येतात. मी मात्र त्या रेघांकडे पाहून मनात म्हटलं की ही वही फार प्रामाणिक आहे, पण हिने कोणी पेटत नाही.

यादी

परत आल्यावर ग्रामसभेच्या आदल्या दिवशी ओसरीवर यादी लिहायला बसले. शेवंताबाईंचे दीर कवडूभाऊ, संस्थेचे जुने सभासद, समोर खाटेवर होते. सत्तावीस पक्षी झाले. सगळे मी किंवा शेवंताबाईंनी पाहिलेले.

“सारस टाका जी ताई,” कवडूभाऊ म्हणाले. “गोंदियाकडे पहा, सारसासाठी मोठमोठे लोक येते. तुतारी-फितारीनं काय होते? सारस म्हटलं का मशीन थंडी.”

“मी नाई पाह्यला,” शेवंताबाई चुलीजवळून म्हणाल्या.

“तुह्या मायनं पाह्यला ना?”

“मायचं नाव टाका मंग. मायनं पाह्यला, असं लिवा.”

“मेलेल्या माणसाची साक्ष कोन घेते वं वहिनी?”

मी दोघांचं ऐकलं. मग रकाना आखला आणि ‘कधीमधी दिसतो’ या भागात, सगळ्यांत वर, सारस लिहिला. नाव कोणाचंच टाकलं नाही. मला वाटलं यात काही वाईट नाही. तलाव वाचला पाहिजे, हे खरं होतं. समोरच्या कागदावर ‘आढळले नाहीत’ हे धडधडीत खोटं होतं. एका खोट्यासमोर दुसरं छोटं, उपयोगी, जवळजवळ खरं असं काहीतरी ठेवलं तर तोल साधतो. मी शेवंताबाईंना यादी वाचून दाखवली तेव्हा ती ओळ वाचली नाही. हे मुद्दाम इथे लिहिते आहे.

ग्रामसभा

शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. सरपंच चाळिशीचे, बोलके, आणि त्यांचं स्वतःचं शेत तलावाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला. तिथवर पाणी क्वचितच पोचतं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. “मागच्या साली माह्या धानाले शेवटचं पानी नाई भेटलं,” ते म्हणाले. “माह्या एकट्याच्या नाई, त्या बाजूच्या चाळीस घराच्या. आता सांगा, पानी धानाले देऊ का बदकाले?” लोक हसले. टोकाकडच्या शेतकऱ्यांनी माना डोलावल्या.

शेवंताबाईंनी यादी पुढे केली. सरपंचांनी ती मोठ्याने वाचायला घेतली. दुसऱ्या भागातल्या पहिल्याच ओळीवर ते थांबले.

“सारस? आपल्या तलावावर?” त्यांनी चष्मा काढला. “कोनं पाह्यला? हात वर करा.”

कोणीच हात वर केला नाही. कवडूभाऊ छताकडे पाहत होते. शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आत्ताच कळलं होतं.

मी उभी राहिले. “ते मी लिहिलं. कोणी पाहिलेला नाही.”

“तुमी कुठच्या?”

“इचलकरंजी.”

“तिथून दिसला असन.” पुन्हा हशा झाला, या वेळी मोठा. “मंग बाकीचे सव्वीस-सत्तावीस बी तिकडचेच उडवले असान!” त्यांनी यादी घडी करून टेबलावर ठेवली. माझ्या एका ओळीने सत्तावीस खऱ्या ओळी झाकल्या गेल्या. समोर बसलेल्या बायकांच्या गटातली एकही हसली नाही, हे मला तेव्हा दिसलं.

शेवंताबाई उठल्या. टेबलावरचा कागद त्यांनी उचलला, पण वाचला नाही. मला म्हणाल्या, “पेन दे.” सारसाच्या ओळीवर जाड रेघ मारली. मग कागद खाली ठेवून बोलू लागल्या.

“भुवईवालं बदक. मी पाह्यलं, परवा सकाळी. अजून कोनं पाह्यलं?”

“मी,” मागून एक बाई म्हणाली. “जाळं काढतानी. थवाच्या थवा.”

“शेकाट्या.”

“तो रोजच हाये ना तुडुमाजवळ,” टोकाकडचाच एक शेतकरी बोलून गेला. सरपंचांनी त्याच्याकडे पाहिलं. “आता हाये तं हाये म्हणू नको का?” तो म्हणाला.

असे त्या एकेक पक्षी घेत गेल्या. बहुतेकांना कोणी ना कोणी मालक निघाला. दोन पक्ष्यांना कोणी नाही निघालं. ते मी एकटीने पाहिले होते. शेवंताबाईंनी ते दोन्हीही काढून टाकले. पंचवीस उरले.

“अन् सारस,” शेवटी त्या म्हणाल्या, “माह्या मायनं पाह्यला होता. माय मेली. तिले विचारता येत नाई, म्हणून तो यादीत नाई. पन तेव्हा त्या बाजूले देवधान होतं. मंग बेशरम आली, देवधान गेलं, सारस गेला. देवधान आमी वापस आणलं. सारस येईन का नाई, मले मालूम नाई. खोटं नाई बोलत.”

सभा आणखी दीड तास चालली. निर्णय असा झाला: या उन्हाळ्यात मशीन फक्त पारीजवळच्या खोल बाजूला चालेल, तिथला गाळ काढला तरी पाणी वाढतं. आणि शेवटच्या टोकापर्यंतचा कालवा साफ होईल. उथळ बाजू एक वर्ष तशीच राहील. त्या वर्षात गावाने दर आठवड्याला नोंद ठेवायची. ज्याने पाहिलं त्याच्या नावासह. पुढच्या उन्हाळ्यात वही पाहून ठरवायचं. वहीत दम नसेल तर उथळ बाजूही कापली जाईल.

सरपंचांनी त्यात एक अट घातली आणि ती सर्वांनी मान्य केली. बाहेरच्या माणसाचं लिहिलेलं वहीत चालणार नाही.

बाहेर पडताना मी शेवंताबाईंची माफी मागितली.

“तुले वाटलं आमचे पक्षी कमी पडन,” त्या म्हणाल्या. नंतर म्हणाल्या, “जेवून जा. बस चारची हाये.”

बसमध्ये बसल्यावर मला हिशेब लागला. ज्या एका तलावासाठी मी काही करू शकले असते, तिथे आता माझा शब्द घेतला जाणार नाही. हे योग्य आहे. तलाव मात्र तिथे एकच नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत शेकडो आहेत, आणि तुमच्या गावाला, तालुक्याला, शहराच्या कडेला कुठलं तरी पाणी आहेच. त्याच्याही कामाच्या कागदात ‘पक्षी’ या शब्दापुढे कोणीतरी, बहुधा मे महिन्यात, काहीतरी लिहून ठेवलेलं असेल.

म्हणून विनंती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून एप्रिलअखेरपर्यंत दर रविवारी सकाळी एक तास तुमच्या सर्वांत जवळच्या पाण्यावर जा. दिसलं ते लिहा, दिसलं नाही तेही लिहा. नाव ठाऊक नसेल तर रंग, चोच आणि पाय लिहा. पाणी काठापासून किती उतरलं तेही. खाली स्वतःचं नाव घाला. मे उजाडायच्या आत त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत द्या. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.